सरकारी शाळा की खाजगी शाळा : महाराष्ट्रातील पालकांच्या निवडीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

आपल्या पाल्यास सरकारी शाळेत घालावे की खाजगी शाळेत, हा प्रश्न आज प्रत्येक कुटुंबासमोर उभा राहतो. कुटुंबाची ऐपत आणि मुलांच्या भवितव्याविषयीची काळजी यांच्या बळावर पालक तो सोडवतात. त्यामुळे हा निर्णय पूर्णतः घरगुती स्वरूपाचा आहे, असा समज रूढ झाला आहे. सरकारी शाळा म्हणजे ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांची शाळा, हाही समज त्याच्या जोडीने दृढ झाला आहे. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासाचे अवलोकन केले असता हे दोन्ही समज तपासून पाहावे लागतात. एकेकाळी सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्जविनंत्या कराव्या लागत होत्या आणि तो नाकारलाही जात होता. खाजगी शाळा कधी मिशनऱ्यांची, कधी देशभक्तांची, तर कधी बहुजन समाजाच्या वर्गणीतून उभी राहिलेली होती.

शाळेत कोणाला प्रवेश होता, त्या शाळेच्या प्रमाणपत्राला बाजारात व दरबारात काय किंमत होती आणि शिक्षणाचा खर्च कोण सोसत होते, या तीन बाबींनी पालकांची निवड प्रत्येक कालखंडात घडवली आणि या तिन्ही बाबींवर शासनाच्या धोरणाचा निर्णायक प्रभाव होता, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून २०२४ पर्यंतचे काही महत्त्वाचे टप्पे त्यासाठी विचारात घेतले आहेत.

१. मिशन शाळा आणि पालकांची भीती

मुंबई इलाख्यात आधुनिक शिक्षणाच्या प्रारंभीच्या काळात मिशनऱ्यांच्या शाळा हा महत्त्वाचा पर्याय होता. तेथे इंग्रजी शिकण्याची संधी मिळत असे व तिचे आकर्षण मोठे होते. तथापि धर्मांतराची भीतीही तितकीच खरी होती. डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईतील शाळेतील दोन पारशी विद्यार्थ्यांनी १८३९ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पारशी समाजात मोठी खळबळ उडाली. प्रकरण न्यायालयात गेले. पालकांनी मुले काढून घेतल्याने शाळेची पटसंख्या एकाएकी घटली. १८४३ मध्ये नारायण व श्रीपत शेषाद्री या बंधूंच्या प्रकरणाने हिंदू समाजातही अशीच अस्वस्थता पसरली. श्रीपत याचा ताबा न्यायालयाने वडिलांकडे दिला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, अशी भूमिका बाळशास्त्री जांभेकरांनी घेतल्यामुळे त्यांना सनातनी मंडळींचा रोष पत्करावा लागला. शाळा बदलण्याचा निर्णय पालकांनी सामूहिकरीत्या घेतल्याची ही आरंभीची ठळक उदाहरणे होत.

याच सुमारास पुण्यातील एका पित्याने याच्या उलट निर्णय घेतला. गोविंदराव फुले यांनी आपला मुलगा जोतीराव यास प्रथम मराठी शाळेत घातले होते. मात्र लोकांच्या सांगण्यावरून त्यांनी त्यास शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावले. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब यांनी मुलाची बुद्धी हेरली आणि गोविंदरावांचे मन वळवले. त्यानुसार १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. शूद्र मानल्या गेलेल्या कुटुंबास मिशन शाळा हे इंग्रजी शिक्षणाचे मोकळे दार होते. वरिष्ठ जातींतील पालकांना जी शाळा धर्म बुडविणारी वाटत होती, तीच शाळा माळी समाजातील एका पित्याला मुलाच्या उत्कर्षाची वाट वाटली. एकाच शाळेचा अर्थ पालकांच्या सामाजिक स्थानानुसार बदलत होता, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

मुलींच्या बाबतीत तर प्रारंभी निवडीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. शासनाने मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी स्वीकारलेली नव्हती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात सुरू केलेली मुलींची शाळा ही खाजगी प्रयत्नांतूनच उभी राहिली. १८८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेली हुजूरपागा शाळाही समाजसुधारकांच्या पुढाकाराचे फलित होते. मुलींसाठी खाजगी शाळा म्हणजे सरकारी शाळेला पर्याय नव्हता. शासनाने मोकळी सोडलेली जागा तिने भरून काढली होती.

२. सरकारी शाळेचा बंद दरवाजा

१८४० मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण मंडळ स्थापन झाले. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये स्वतंत्र शिक्षण खाते अस्तित्वात आले. खलित्याने खाजगी शाळांना सहाय्यक अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले. म्हणजेच सरकारी व खाजगी या दोन्ही प्रवाहांना शासनाने एकाच दस्तऐवजात स्थान दिले. सरकारी नोकरीच्या वाटा सरकारी शाळेतून जात असल्याने या शाळांची प्रतिष्ठा मोठी होती.

या शाळा सर्वांसाठी खुल्या होत्या काय, या प्रश्नाचे उत्तर १८५६ च्या धारवाड प्रकरणाने दिले. त्या वर्षी जून महिन्यात धारवाड येथील एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेल्याबद्दल मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे सरकारला नाकारता आले नाही. तरीही एका विद्यार्थ्यासाठी बहुसंख्यांचा पूर्वग्रह दुखावला तर शाळाच ओस पडेल, अशी भीती पुढे करून प्रवेश नाकारण्यात आला. पुढे हिंदुस्थान सरकारने केवळ जातीच्या कारणावरून प्रवेश नाकारणे योग्य नाही असे मत दिले. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळानेही सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांसाठी खुल्या असल्याचे स्पष्ट केले. तत्त्व मान्य झाले खरे, तथापि प्रत्यक्षात वेगळ्या शाळा काढणे किंवा अस्पृश्य मुलांना वर्गाबाहेर बसविणे हाच व्यवहार दीर्घकाळ चालू राहिला.

या प्रकरणात शासनाने एका पालकवर्गाच्या निवडीपुढे मान तुकवली, हे विशेष होय. सवर्ण पालक मुले काढून घेतील या धास्तीने दुसऱ्या मुलाचा हक्क डावलला गेला. शाळा सोडून जाण्याची क्षमता ज्यांच्याकडे होती त्यांचा शब्द शाळेत चालला. अशी क्षमता नसलेल्यांचा अर्ज फायलीत राहिला. शिक्षणातील निवडीच्या इतिहासात हे सूत्र पुढेही वारंवार आढळते.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी याच विषमतेवर बोट ठेवले. सरकारी महसूल शेतकरी व कष्टकरी वर्गाच्या श्रमातून जमा होतो, मात्र शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गांना मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. ज्या समाजाला खाजगी शाळा चालविण्याचे बळ नाही, त्याला शासनाच्या शाळेवाचून गत्यंतर नाही, ही जाणीव या मागणीच्या मुळाशी होती. आयोगाने मात्र माध्यमिक शिक्षणातून शासनाने क्रमशः अंग काढून घ्यावे व खाजगी प्रयत्नांना उत्तेजन द्यावे, अशी शिफारस केली. प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपवावे, असाही तिचा आशय होता. महाराष्ट्रातील माध्यमिक शाळा पुढे प्रामुख्याने खाजगी संस्थांच्या हाती का राहिल्या, याचे एक मूळ येथे सापडते.

३. देशी खाजगी शाळा आणि सरकारी हायस्कूल

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली. बाळ गंगाधर टिळक व महादेव बल्लाळ नामजोशी यांच्या सहकार्याने त्यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. गोपाळ गणेश आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. अल्प वेतनावर काम करणाऱ्या शिक्षकांच्या या शाळेकडे पुण्यातील मध्यमवर्गीय पालक आकृष्ट झाले. त्यामागे देशाभिमान होता, तसेच एक व्यावहारिक कारणही होते. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा सरकारी व खाजगी अशा दोन्ही शाळांतील विद्यार्थ्यांना एकच होती. निकालाची तुलना करणे त्यामुळे शक्य होते आणि खाजगी शाळेत शिकल्याने मुलाच्या पुढील वाटा बंद होत नव्हत्या.

हे व्यावहारिक कारण किती प्रभावी होते, हे राष्ट्रीय शाळांच्या अनुभवावरून दिसून येते. बंगालच्या फाळणीनंतर आणि पुन्हा १९२०-२१ च्या असहकार आंदोलनात सरकारी व अनुदानित शाळांवर बहिष्कार टाकण्याचे आवाहन झाले. अनेक ठिकाणी राष्ट्रीय शाळा निघाल्या. पालकांनी प्रारंभी उत्साहाने प्रतिसाद दिला. पण या शाळांच्या प्रमाणपत्रांना सरकारी मान्यता नव्हती. आंदोलनाचा भर ओसरताच बहुसंख्य विद्यार्थी मान्यताप्राप्त शाळांकडे परतले. पालकांच्या देशभक्तीविषयी यावरून शंका घेण्याचे कारण नाही. मुलाच्या उपजीविकेचा प्रश्न त्यांना टाळता येत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ होतो.

मराठवाड्यातील परिस्थिती वेगळी होती. निजामाच्या राज्यातील सरकारी शिक्षणात उर्दूला प्राधान्य होते. मातृभाषेतून शिक्षण मिळावे अशी इच्छा असणाऱ्या मराठी पालकांना खाजगी शाळांचाच आधार होता. औरंगाबादची १९१५ मध्ये स्थापन झालेली सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी आणि हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा या संस्था त्यातून उभ्या राहिल्या. स्वामी रामानंद तीर्थ यांचे अध्यापनकार्य हिप्परगा व अंबाजोगाई येथेच घडले. मातृभाषेसाठी खाजगी शाळा आणि परभाषेसाठी सरकारी शाळा, असे आजच्या अगदी उलट चित्र तेथे होते.

सरकारी शाळेचे मोल काय होते, हे सुभेदार रामजी सकपाळ यांच्या निर्णयावरून समजते. सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम केलेल्या रामजींना शिक्षणाचे महत्त्व पुरते ठाऊक होते. त्यांचा मुलगा भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. तेथे अस्पृश्यतेचे चटके सोसावे लागले. कुटुंब मुंबईस आल्यावर भीमराव प्रथम मराठा हायस्कूलमध्ये व नंतर एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकू लागले. एल्फिन्स्टन ही शहरातील नामांकित सरकारी शाळा होती. निवृत्तिवेतनावर जगणारे रामजी मुलाच्या पुस्तकांसाठी आपल्या विवाहित मुलींकडून पैसे उसने आणत आणि प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवत. परळच्या चाळीतील एका खोलीत राहणाऱ्या या कुटुंबाने मुलासाठी उत्तम शाळेचा ध्यास घेतला होता आणि ती उत्तम शाळा सरकारी होती. पुढे १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी शिक्षणाच्या व्यापारीकरणास विरोध केला आणि खालच्या वर्गांना शिक्षण शक्य तितके स्वस्त असावे असा आग्रह धरला. या आग्रहामागे वडिलांच्या ओढाताणीची आठवण असणे स्वाभाविक होते.

४. सक्तीचे शिक्षण : निवडीच्या पलीकडे

शाळेत घालावे की घालू नये, हीच ज्या पालकांची पहिली निवड होती, त्यांच्यासाठी सक्तीच्या शिक्षणाचा विचार पुढे आला. बडोदे संस्थानात महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात या विषयावरील विधेयक मांडले. ते १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. मात्र १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांस दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण सरकारी शाळांत प्रवेश देण्याचा आदेश काढला. धारवाडच्या मुलाला जे नाकारले गेले, ते देण्याचे धैर्य साठ वर्षांनंतर एका संस्थानिकाने दाखविले.

मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा देणारा कायदा झाला. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक शाळा मंडळांकडे गेले. स्वातंत्र्यानंतर १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आणि १९६२ मध्ये अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा यांमुळे गावोगावी प्राथमिक शाळा पोहोचली. पाटील, कुलकर्णी आणि शेतमजूर यांची मुले एकाच शाळेच्या पटावर येण्याचा काळ तो हाच.

५. अनुदानित शाळा : तिसरा मार्ग

महाराष्ट्रात सरकारी व खाजगी यांच्या दरम्यान एक तिसरा मार्ग विकसित झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. साताऱ्याच्या वसतिगृहात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवले. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. या संस्था व्यवस्थापनाने खाजगी, पण उद्दिष्टाने सार्वजनिक होत्या. पालकांनी धान्य, वर्गणी व श्रमदान देऊन त्या जगविल्या. स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने शिक्षकांच्या वेतनाचा भार उचलला आणि खेड्यातील मुलास चौथी वा सातवीनंतर माध्यमिक शाळा उपलब्ध झाली. त्या शाळेस कोणी 'खाजगी' म्हणत नसे. ती गावची हायस्कूल होती.

१९६४-६६ च्या कोठारी आयोगाने समान शाळा पद्धतीची शिफारस केली आणि १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती स्वीकारली. सधन व निर्धन अशा सर्वांची मुले परिसरातील एकाच शाळेत शिकावीत, हा तिचा आशय होता. मात्र तिची अंमलबजावणी झाली नाही. शहरांतील सधन वर्गाने इंग्रजी माध्यमाच्या शाळांची वाट धरली आणि धोरण कागदावरच राहिले.

६. विनाअनुदान, इंग्रजी माध्यम आणि शिक्षणहक्क

१९८० नंतर विनाअनुदान तत्त्वाने शिक्षणक्षेत्रात प्रवेश केला. नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' या अटीवर परवानगी देण्याचे धोरण पुढे आले आणि तिसऱ्या मार्गाचा विस्तार खुंटला. २००९ मध्ये त्यातील 'कायम' हा शब्द वगळण्यात आला, तरी तोपर्यंत अल्प वा शून्य वेतनावर काम करणाऱ्या शिक्षकांचा एक मोठा वर्ग तयार झाला होता. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाने खाजगी शाळा काढण्याचा मार्ग आणखी मोकळा केला. दरम्यान २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. इंग्रजी हवे ही पालकांची मागणी शासनाने त्याद्वारे मान्य केली. पण इंग्रजी माध्यमाची ओढ त्यामुळे थांबली नाही. तालुक्याच्या गावातून निघालेली पिवळी बस वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली आणि जिल्हा परिषद शाळेचा पट घसरू लागला. मुलगा इंग्रजी माध्यमात व मुलगी गावच्या शाळेत, अशी वाटणीही अनेक घरांत दिसू लागली.

पट घसरला की शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की उरलेले पालकही शाळा बदलतात. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हा हे चक्र कोठवर पोहोचले आहे हे स्पष्ट झाले. गावातील बोलक्या घरांची मुले गेली की शाळेच्या गळक्या छपराबद्दल ग्रामसभेत प्रश्न विचारणारेही कमी होतात. धारवाड प्रकरणातील सूत्र येथे वेगळ्या रूपात प्रत्ययास येते.

पालकांचा हा ओघ एकाच दिशेने वाहतो असेही नाही. 'असर' अहवालांनुसार ग्रामीण भारतात ६ ते १४ वयोगटातील सरकारी शाळांत दाखल मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते. कोरोनाकाळानंतर २०२२ मध्ये ते ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये ६६.८ टक्क्यांवर आले. उत्पन्न आटले तेव्हा पालक सरकारी शाळेकडे वळले आणि परिस्थिती सावरताच पुष्कळसे परतले. संकटकाळी आधार देणारी ही शाळा टिकून राहिली नसती, तर त्या मुलांचे काय झाले असते, हा प्रश्न धोरणकर्त्यांनी विचारात घेण्यासारखा आहे. मुंबई महानगरपालिकेने २०२० पासून केंद्रीय मंडळांशी संलग्न शाळा सुरू केल्या. त्यांना लाभलेल्या प्रतिसादावरून पालकांचा मूळ विरोध सार्वजनिक शाळेला नाही, असे अनुमान काढता येते.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशस्तरावरील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखून ठेवल्या. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने, एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना या बंधनातून सूट देणारी अधिसूचना काढली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. १८५६ मध्ये सरकारी शाळेच्या प्रवेशासाठी अर्ज करावा लागला होता, तर २०२४ मध्ये खाजगी शाळेच्या प्रवेशासाठी न्यायालयात जावे लागले. शाळा बदलली, परंतु ज्या वर्गात इतरांची मुले बसतात त्याच वर्गात आपले मूलही बसावे, ही मागणी मात्र तीच राहिली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला निष्कर्ष असा की, सरकारी शाळा कनिष्ठ व खाजगी शाळा श्रेष्ठ ही प्रतवारी ऐतिहासिकदृष्ट्या अलीकडची आहे. तिला अनुदान, माध्यम व मान्यता यांविषयीच्या शासकीय निर्णयांनी आकार दिला आहे. जे निर्णयांनी घडले ते निर्णयांनी बदलूही शकते. दुसरे म्हणजे, पालकांनी भावनेपेक्षा मुलाच्या पुढील वाटचालीचा विचार नेहमीच प्रमाण मानला. त्यांना दोष देऊन सार्वजनिक शाळा वाचणार नाही. तिसरे म्हणजे, शाळा सोडण्याची क्षमता असलेल्या वर्गाच्या निवडीने मागे राहिलेल्यांच्या शाळेचे भवितव्य ठरत आले आहे. म्हणून ही निवड पूर्णतः खाजगी राहत नाही. चौथा निष्कर्ष अनुदानित शाळांसंबंधी आहे. समाजाची आस्था आणि शासनाचा पैसा एकत्र आल्यास सर्वांची शाळा उभी राहू शकते, हे महाराष्ट्राने स्वानुभवाने सिद्ध केले आहे. गोविंदराव फुले आणि रामजी सकपाळ यांनी वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांची निवड केली. दोघांचेही पाऊल उघड्या दाराच्या दिशेने पडले. ते दार प्रत्येक पालकाच्या घराजवळ उघडे असावे, याची जबाबदारी मात्र पालकांवर टाकता येणार नाही.